कमरेच्या उंचीची साल

प्रिय आई,

'तीर्थरूप' लिहिणार होते. पण लग्नानंतर पहिल्यांदा नाशिकला माहेरी गेले तेव्हा तसं लिहून पाठवलं होतं, आठवतंय? तुम्ही ते पत्र अख्ख्या गॅलरीला वाचून दाखवलंत आणि वर म्हणालात, "माका तीर्थरूप लिवता, आणि माझ्या भाकरेक नावां ठेवता!" तेव्हापासून तुम्हाला पत्र लिहायचं मी सोडूनच दिलं. पुढची तेहतीस वर्षं एका खोलीत, एका मोरीत, एका चुलीपाशी गेली. लिहायची गरजही पडली नाही.

आज पडली. कारण तुम्ही गेल्यावर मी एक गोष्ट करून बसले आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायच्या आत मला स्वतःला सांगायची आहे. परबांची आजी पण गेल्या महिन्यात तुमच्याकडे आली. ती काही गप्प बसायची नाही.

आई, अष्टमी दोन दिवसांवर आलेली असताना मी तुमच्या अशोकाची सगळी फुलं उतरवली. सगळी म्हणजे सगळी. एक गुच्छ ठेवला नाही.

थांबा, लगेच आवाज चढवू नका! पूर्ण ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

या वर्षी झाड कसं फुललं होतं म्हणून सांगू! एरवी तुमचा सीता अशोक म्हणजे पक्का चिक्कू. दोन गुच्छ इकडे, चार तिकडे, तेही शेंड्याकडे, बघायला मान मोडायची. या वर्षी माघ संपता संपता सुरुवात झाली ती थांबेचना. जाड फांद्यांच्या सालीतून, खोडातून, जिथून फुलायचं काही कारण नाही तिथूनसुद्धा केशरी झुबके बाहेर आले. संध्याकाळी वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. बाजूच्या टॉवरमधली माणसं, जी आपल्याकडे कधी ढुंकून बघत नाहीत, ती खाली येऊन फोटो काढून गेली. तुमच्या लेकाला, विनूला, झाड आणि विजेचा खांब यांतला फरक कळत नाही, पण तोही ऑफिसातून आल्यावर झाडाशेजारच्या पाण्याच्या टाकीजवळ दोन मिनिटं थांबायला लागला.

कदमवहिनी तर त्या झाडाखाली ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "गणपतीत म्हातारी गेली आणि आता झाड बघा. म्हातारीच आलीय फुलं घेऊन."

सगळ्या चाळीला तेच वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? मी खाली जाऊन झाडाला हात जोडले. म्हटलं, बरं झालं, तुमचं लक्ष आहे आमच्यावर. ठरलं की या वर्षी अशोकाष्टमी दणक्यात करायची. तुमचा फोटो झाडाखाली ठेवायचा, आणि दर वर्षी तुम्ही पुरवून पुरवून वाटायचात त्या कळ्या, या वर्षी पुऱ्या आठ-आठ, फुलपात्रातल्या पाण्यातून सगळ्या बायकांना प्यायला द्यायच्या. सुरेखाने वर्गणी न काढता पेढ्यांची जबाबदारी घेतली. प्रियांका, ती तिसऱ्या मजल्यावरची नवी सून, तिने मोबाईलवर आमंत्रणसुद्धा बनवलं, त्यात तुमचा तो चष्मा घसरलेला फोटो!

आणि मग भाऊमामा आले.

तुमचा धाकटा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांपेक्षा जास्त मुंबईत राहिला, तो मोतीबिंदूमुळे. परळला ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गप्प पडून राहायचं. आता ज्या माणसाने कुडाळला उभा जन्म आंब्याची कलमं बांधली, तो गॅलरीत खुर्चीवर किती बसणार? चौथ्या दिवशी म्हणाले, "शुभा, माका ताईचा झाड बघूचा आसा." मी हात धरून खाली नेलं.

मी आपली उत्साहाने सांगत होते, मामा, इथे पण फुलं आहेत, हे बघा खोडाला पण आलीत. मामांनी एकदा वास घेतला. मग तुम्ही खोडाला गुंडाळून ठेवलेलं ते पोतं आहे ना, त्याच्याखाली हात घातला आणि हळूहळू खोडाभोवती गोल फिरवला. तिकडे भिंत आणि टाकी यांच्यामध्ये जेमतेम हात जातो, तिथेही घातला. मग हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"शुभा, ह्या फुलणा बरा नाय."

म्हटलं, म्हणजे?

"झाडाचा जेवण सालीतसून खाली जाता, मुळांक. हयसर साल गोल गेलीहा. वरचा जेवण वरच रवता, म्हणान फुलता. आणि मुळां उपाशी. दोन वर्सां जगतला. मगे गेला."

आई, मी पोतं घाईने खाली ओढलं. कारण त्या पोत्याखाली सुरी कुणी घातली होती ते मला माहीत होतं. मी घातली होती.

आता तुम्हाला आठवण करून देते, कारण सुरुवात तुमच्यापासून आहे. मी बेचाळीस-त्रेचाळीसची होते. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. शाळेच्या ऑफिसात खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून बघायची मी. कुणाला काही बोलले नव्हते. विनूला तर नाहीच. तुम्हीही मला काही विचारलं नाहीत. मोरीतली बादली बघून तुम्हाला कळलं, बस्स.

एका दुपारी तीनला, चाळ झोपलेली असताना, तुम्ही मला खूण करून खाली नेलंत. कमरेला विळती, तो तुमचा छोटा विळा, खोचलेली. पोतं वर सारलंत आणि म्हणालात, "कमरेचा दुखणा, कमरेच्याच उंचीची साल. वर नाय, खाली नाय." चार बोटं रुंद, वीतभर लांब. मग शेणमातीचा लेप, मग पुन्हा पोतं. घरी येऊन ती साल दुधात उकळलीत आणि मला म्हणालात, "कोणाक सांगा नको. विनूकपण नाय." विनूने विचारलं तेव्हा तुम्ही सरळ ठोकून दिलंत, पित्ताचा काढा आहे!

डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरं वाटलं की तुमच्या सालीने, देव जाणे. गोळ्या मी चालूच ठेवल्या होत्या, तुम्हाला न सांगता. पण खरं सांगू? त्या कडवट दुधापेक्षा मला तुमचं ते 'कोणाक सांगा नको' जास्त लागू पडलं. आपलं भाकरीवरून, मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून रोज वाजायचं. पण ही एक गोष्ट फक्त तुमची आणि माझी होती. सासूने सुनेला गुपचूप पाटली काढून द्यावी, तसं मला वाटायचं. मीच एकटी, मला एकटीला.

तर गेल्या मार्गशीर्षात आपली मनू ठाण्याहून चार दिवस राहायला आली. चेहरा पांढराफटक. जिना चढताना दोनदा थांबली. आई म्हणून मला कळायला वेळ लागला नाही. तिचं डॉक्टरकडे चालू आहे, सगळ्या तपासण्या झाल्यात. पण माझा जीव राहीना. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, तेच मी केलं. दुपारी तीन वाजता सुरी घेऊन खाली गेले. टाकीच्या बाजूने पोतं वर केलं, कमरेच्या उंचीला, चार बोटं रुंद, वीतभर लांब. मी नाशिकची, तुम्ही मला नेहमी चिडवायचात तशी नीटनेटकी. पट्टीने आखावी तशी साल काढली. लेप लावला, पोतं खाली ओढलं. दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी यायच्या आत वर पळाले.

मनू नाक दाबून ते दूध प्यायली आणि म्हणाली, "आई, हे काय आहे?" मी म्हटलं, पित्ताचा काढा.

बघा, तोंडातून आपोआप आलं.

मामांनी ते 'साल गोल गेलीहा' म्हटल्यावर मला एवढंच कळलं, की मी काढलेली जखम चिघळत गोल पसरली. झाडं-पेरं मला काय कळतात? मी विचारलं, मामा, वाचवता नाही का येणार? म्हणाले, येईल. कलम करावं लागेल. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्यायच्या, एक टोक जखमेच्या खालच्या सालीत खोचायचं, दुसरं वरच्या सालीत. मधे पूल. जेवण त्या काड्यांमधून खाली उतरेल. पण चैत्रातच करायला हवं, साल लाकडापासून सुटते आहे तोवर. आणि आधी सगळी फुलं काढायला हवीत, नाहीतर झाड आपला सगळा जोर फुलांवर घालवेल. "आणि माझ्यान होवचा नाय," म्हणाले. "डोळो असो, वाकाक बंदी. चार-पाच जणींचे हात होये."

चार-पाच जणी! म्हणजे सांगायला हवं. काय सांगायचं? तुमच्या फोटोला हार आणलेत, पेढे सांगितलेत, त्या झाडाखाली उभं राहून म्हणायचं, की बायांनो, हा म्हातारीचा आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही, हे झाड मरतंय, आणि मी मारलंय? सुनेने? म्हातारीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत?

तीन दिवस माझ्याने तोंड उघडवेना. विनूला सांगावं म्हटलं, तर तो विचारणार, साल कशाला काढलीस? आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. मामा रोज सकाळी बजावायचे, "गो, साल सुटता हा तवसर करूक होया." मी म्हणायची, हो मामा, उद्या. तुमच्या फोटोकडे बघायची सोय राहिली नव्हती. तुम्ही घसरलेल्या चष्म्यावरून बघताय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी तिघींना हाका मारल्या. कदमवहिनी, सुरेखा आणि प्रियांका. अष्टमीच्या तयारीचं बोलायचंय म्हटलं. टाकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साल, सुरी, मार्गशीर्ष, मामा काय म्हणाले ते. मनूचं नाव मात्र घेतलं नाही. माझंच दुखणं सांगितलं. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

आधी कदमवहिनी उसळल्या. "अगं, सुनेनेच? ज्या झाडाला म्हातारीने मुलासारखं वाढवलं!" सुरेखा पोत्याकडे बघत होती. प्रियांका मोबाईल हातात घेऊन नुसती बसलेली.

मामा म्हणाले, भांडण नंतर करा, आधी पोतं काढा. मी सुतळी सोडली.

आई, पोत्याखाली चार जखमा होत्या.

माझी टाकीकडची, पट्टीने आखलेली. तिच्या शेजारी एक, कडा करवतीसारख्या दातेरी. भिंतीच्या बाजूला एक लांबलचक, बहुतेक कोयत्याची. आणि चौथी छोटी, सरळ, एकदम सफाईदार, जशी काही एखाद्या शिकलेल्या हाताने घेतली असावी. सगळ्या कमरेच्या उंचीला. एकीच्या कडेला दुसरीची कड टेकलेली. गोल पूर्ण झालेला.

आम्ही चौघींनी वाकून एकेक जखम पाहिली. 

मग प्रियांका रडायलाच लागली. "काकी, ती ब्रेड कापायची सुरी माझी. आजींनी मला लग्नानंतर दोन महिन्यांनी सांगितलं होतं. म्हणाल्या, फक्त तुला सांगते." सुरेखा खाली बघत म्हणाली, "सफाईवाली माझी. ड्युटीवरून ब्लेड आणलेलं." सुरेखा वॉर्डात सिस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांना औषधं देते, आणि स्वतःच्या दुखण्याला ही कुणाला न सांगता झाडाजवळ आली! मी कदमवहिनींकडे बघितलं. त्यांनी भिंतीकडच्या जखमेकडे बोट दाखवलं. "कोयता आमचा. माझ्या लेकीसाठी. संक्रांतीच्या सुमारास. मला तर म्हातारी म्हणाली होती, शुभाला पण सांगितलेलं नाही, तुलाच सांगते!"

आई! काय म्हणायचं तुम्हाला? अहो, किती जणींची 'एकटी' करून ठेवलीत? मी इतकी वर्षं मनातल्या मनात मिरवत होते, की सासूने मला गुपित दिलंय. इथे मजल्यागणिक एकेक गुपित! मला राग आला, खरंच सांगते. आणि मग हसू फुटलं. आधी कदमवहिनींना फुटलं. मग आम्ही चौघी डोळ्यांतून पाणी येईतो हसलो. वरून कुणीतरी डोकावून विचारलं, काय झालं काय?

मामांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, ताई एका वर्षी एकाच बाजूची साल काढायची. ती भरली की मग पुढची बाजू. कुणाला केव्हा, किती, कुठून, सगळं तिच्या डोक्यात. म्हणजे तुम्ही होतात तोवर झाडाला कळतसुद्धा नव्हतं. तुम्ही गेलात आणि तुमच्या डोक्यातलं सगळं तुमच्याबरोबर गेलं. आमच्याकडे प्रत्येकीकडे राहिलं ते फक्त 'कमरेच्या उंचीची' आणि 'कोणाक सांगा नको'. एकीने दुसरीला सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं हो? आणि तुम्ही तरी सगळ्यांना एकदा एकत्र बसवून का नाही सांगितलंत? तुम्हाला काय, लाज वाटायची? तुम्हाला, ज्या भर नळावर मिलच्या जॉबरला, त्या मुकादमाला, शिव्या घालायचात?

असो. आम्ही फुलं काढली. परातीत, बादलीत, प्रियांकाच्या ओढणीत. खालून मला जमेल तेवढी, वरच्या फांद्यांवरची सुरेखाच्या मुलाने शिडी लावून. गॅलऱ्यांतून माणसं ओरडत होती, अहो काय करताय, परवा अष्टमी! कदमवहिनींनीच वर तोंड करून उत्तर दिलं, "झाड आजारी आहे! बायका औषधपाणी करतायत! बघायचंय तर खाली या, नाहीतर आत जा!" फुलं काढून झाल्यावर तुमचं झाड इतकं काळंसावळं आणि बोडकं दिसलं, की मला भडभडून आलं. नव्या पालवीचे ते तांबूस झुपके तेवढे लोंबत होते.

कलम सुरेखाच्या हातांनी बांधलं. तिच्या हाताला कंप नाही. मामा खुर्चीवर बसून सांगत होते, काडीला दोन्हीकडून तासून पाचर कर, सालीच्या आत अलगद सरकव, उलटी नको, खालचा भाग खालीच. मी दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांच्या पट्ट्या कापत होते, प्रियांका त्या आवळत होती. प्रत्येक काडी बसली की मामा बोटांनी चाचपून बघायचे आणि म्हणायचे, "हां. बसली." नाहीतर, "परत काड." तीन तास लागले. प्रत्येकीच्या जखमेवर दोन-तीन काड्या.

आणि ते चालू असताना तोंडंही चालू झाली, आई. इतकी वर्षं ज्या गोष्टी आम्ही मोरीचं दार लावून केल्या, त्या टाकीच्या कट्ट्यावर बसून बोललो. कुणाला किती दिवस अंगावरून जातं, कुणाला कसल्या गाठी आहेत, कुणी ऑपरेशन टाळलंय. सुरेखाने प्रियांकाला तिथल्या तिथे दटावलं, की साल-बिल पुरे, सोमवारी माझ्याबरोबर ओपीडीत यायचं. मी शेवटी मनूचंही सांगितलं.

विनू मागे येऊन कधी उभा राहिला होता, मला कळलंच नाही. ऑफिसची बॅग खांद्याला तशीच. त्याने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाला, "म्हणजे तो पित्ताचा काढा नव्हता?" मी मान हलवली. त्याने खांद्यावरची बॅग कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुला एवढा त्रास होत होता आणि मला माहीतच नाही? मी काय करत होतो गं?" काय करत होता, आई? पेपर वाचत होता. पण मी तरी कुठे त्याच्या हातातला पेपर खाली ठेवायला लावला?

रात्री जेवण झाल्यावर त्याने मनूला फोन लावला. दहा मिनिटं ट्रॅफिकवर बोलला, पाण्यावर बोलला, आणि मग एकदम, "बाळा, तुझं ते… त्रास कसा आहे?" मग मनूच्या रडण्याचा आवाज मला इथपर्यंत आला. विनू फोन धरून नुसता "हो बाळा, हो बाळा" करत राहिला.

अष्टमीही झाली हो, काळजी करू नका. उतरवलेल्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या. या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकीला मोजून आठ मिळाल्या आणि वर उरल्या.

पण मला हे सगळं सांगायचं म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, आई. फुलं काढल्याचं मी फोटोसमोर उभी राहूनही सांगितलं असतं. पत्र लिहायला बसले ते मामांनी सांगितलेल्या एका गोष्टीमुळे.

शेवटची काडी बांधून होत होती. कदमवहिनी म्हणाल्या, म्हातारीने स्वतः किती साल खाल्ली असेल देव जाणे, म्हणून तर एवढी टणक होती. तेव्हा मामा म्हणाले, "ताईन? ताईन ह्या झाडाची साल कधी खावकच नाय."

आम्हाला वाटलं, मस्करी करतायत.

मग मामांनी सांगितलं. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या. विनूच्या आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा याच खोलीत, खाटेवर, सगळं वाहून गेलं. मामंजी मिलमध्ये सेकंड पाळीला. शेजारच्या खोलीत माणसं होती, तरी तुम्ही हाक मारली नाहीत. तशाच गावी गेलात. तिथल्या म्हाताऱ्या सुईणीने अशोकाची साल दिली, आणि येताना तुम्ही वहाळाकाठचं एक रोप डालड्याच्या डब्यात लावून घेतलंत. बोटीत भाऊच्या धक्क्यापर्यंत मांडीवर. मुंबईत औषध हाताशी असावं म्हणून. पण अशोक वाढायला किती हळू! साल काढण्याजोगं खोड व्हायला इतकी वर्षं गेली, की तोवर तुमचं सगळं होऊन गेलं होतं. पाळीसुद्धा थांबली होती. तुमच्या कामाला ते झाड एक दिवसही आलं नाही.

"मगे मी तिका म्हटलंय, आता काय करतलंस ह्या झाडाचा? तर म्हणाली, दुसऱ्या पोरी आसत न्हय."

आई, मी तेहतीस वर्षं तुमच्या घरात राहिले. तुमचं मीठ जास्त पडलेलं मला कळलं, तुमचा आवाज चढलेला कळला, तुमची औषधं, तुमचा चष्मा, तुमचे उपास, सगळं पाठ. त्या खाटेवर मी झोपले, मनूला तिथेच झोपवलं. आणि त्या खाटेवर तुमचं काय गेलं ते मला कधी माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नाही. तुम्ही माझी बादली बघून ओळखलंत. मी तुमच्यात काय बघितलं? सासू!

तुम्हाला कधी कुणी विचारलं होतं का हो, आई, की कुठे दुखतंय?

झाडाचं अजून काही सांगता येत नाही. मामा म्हणतात, काड्यांवरचे डोळे, ते बारीक कोंब, फुगले तर पूल लागला. महिनाभर थांबा, हात लावू नका. जगेल, नाही जगेल. मी तुम्हाला झाड जगवून दाखवते असं वचन देत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि तुम्हाला खोटं वचन दिलेलं चालायचं नाही.

पण एवढं वचन देते. या चाळीत कुठल्याही पोरीचा चेहरा उतरलेला दिसला, की मी तिला गाठून विचारणार, कुठे दुखतंय ते. तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर, नळावर, मोठ्याने. तिला राग आला तरी चालेल, ती लाजली तरी चालेल. आणि तिने सांगितलेलं ऐकून मी तिला कधीही म्हणणार नाही, की कुणाला सांगू नकोस.

तुमची, भाकरीला नावं ठेवणारी,
शुभा